सल्ला न देता मदत करता येते का? (प्रश्न विचारणाऱ्या गटांविषयी)

कोरा कागद (धागाकर्ता):

कुणी अडचण सांगायला तोंड उघडलं की तिसऱ्या वाक्याला उपाय सुरू होतात. ‘असं कर’, ‘माझ्या मित्राचं अगदी हेच झालं होतं’, ‘सरळ सोडून दे ना’. सांगणारा मान डोलावतो, ‘बघतो’ म्हणतो आणि पुढे काहीच करत नाही. त्याला आळशी म्हणायचं कारण नाही. निम्मे उपाय त्याने स्वतःच आधी उलटसुलट करून बाजूला टाकलेले असतात. उरलेले भलत्याच अडचणीवर असतात, कारण खरी अडचण त्याने अजून सांगितलेलीच नसते. बऱ्याचदा ती त्यालाही ठाऊक नसते.

यावर एक जुनी, साधी आणि पाळायला महाकठीण रीत आहे. पाच-सात जणांनी बसायचं. एकाने आपली अडचण मांडायची. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला नाही, स्वतःचे अनुभव नाहीत, धीर देणंसुद्धा नाही. शेवटी काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. मी बरीच वर्षं अशा गटांत कधी मांडणारा तर कधी सूत्रधार म्हणून बसतो आहे. माझं मत असं झालंय की यात मांडणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्यांचाच कस जास्त लागतो.

थोडा इतिहास. रेग रेव्हन्स (१९०७–२००३) हा इंग्रज गृहस्थ मूळचा भौतिकशास्त्राचा. जाता जाता, १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये तो लांब उडीत उतरला होता. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्याने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना एकमेकांसमोर ‘हे मला कळत नाहीये’ असं उघड म्हणताना पाहिलं आणि ते त्याच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या कोळसा खाणी सरकारी झाल्या, तेव्हा तो तिथल्या राष्ट्रीय कोळसा मंडळात शिक्षणाचं काम बघत होता. खाणींच्या व्यवस्थापकांना तज्ज्ञांची व्याख्यानं ऐकवण्यापेक्षा त्यांनीच लहान गट करून आपापल्या अडचणी एकमेकांपुढे मांडाव्यात, असा त्याचा आग्रह. पुढे १९६०च्या दशकात लंडनच्या रुग्णालयांतही त्याने याच धर्तीवर काम केलं. या सगळ्याला नंतर ‘ॲक्शन लर्निंग’ असं नाव मिळालं.

त्याचं म्हणणं असं होतं की शिकण्याचे दोन भाग असतात. एक, आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं ज्ञान. दुसरा, आपल्याला काय माहीत नाही हे शोधून काढणारे प्रश्न. कोडी पहिल्या भागाने सुटतात. यंत्र का बंद पडलं, हिशेब का जुळत नाही, याला कुठेतरी उत्तर असतं आणि ते माहीत असलेला माणूसही असतो. पण ‘नोकरी सोडून धाकट्या भावाबरोबर धंद्यात उतरू का’ याला तसं उत्तर कुठेच नसतं. दहा शहाणी माणसं दहा वेगवेगळ्या गोष्टी करतील आणि दहाही आपापल्या जागी बरोबर असतील. अशा ठिकाणी तज्ज्ञ कमी पडतो आणि हा गट उपयोगी पडतो.

बैठक साधारण अशी चालते. मांडणारा पाचेक मिनिटं बोलतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही. मग तपशील समजून घेण्याचे प्रश्न: कोण, कधीपासून, आतापर्यंत काय करून पाहिलं. हे लवकर आटपायचं, नाहीतर तासभर चौकशीच चालते. मग अर्धा-पाऊण तास खरे प्रश्न, एका वेळी एकच, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत सगळे गप्प. मध्येच सूत्रधार सगळ्यांना थांबवून प्रत्येकाला एका वाक्यात लिहायला लावतो: ‘तुमच्या मते अडचण नेमकी कोणती?’ वाक्यं क्वचितच जुळतात. त्यानंतर मांडणारा आपला प्रश्न नव्याने मांडतो, अमुक तारखेपर्यंत काय करणार ते सांगतो आणि पुढची बैठक त्याच्या ‘काय झालं’पासून सुरू होते.

इथे कुणी असे गट चालवले आहेत का? विशेषतः कुठे फसतं ते वाचायला आवडेल.

खडूफळा:

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मी शिकवते. मोठ्या वर्गातल्या मुलांचे असे गट करून पाहिलेत. मुलं नियम पाळतात, पण नियमाच्या आत राहून सल्ला देतात. ‘तू तिच्याशी सरळ बोलून का टाकत नाहीस?’ प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे प्रश्न झाला! हे कसं ओळखायचं आणि मुलांना कसं समजावायचं?

कोरा कागद:

खडूफळाताई, मोठी माणसंही हेच करतात आणि जास्त सफाईने करतात. माझी कसोटी सोपी आहे: या प्रश्नाचं एखादं उत्तर आलं तर मी हिरमुसेन का? ‘बोलून का टाकत नाहीस’ विचारणाऱ्याला ‘नाही बोलायचं मला’ हे उत्तर नको असतं. म्हणजे त्याने विचारलेलं नाही, ढकललेलं आहे. त्याऐवजी ‘तिच्याशी बोलायचा विचार मनात येतो तेव्हा पुढे काय होतं?’ हे विचारून बघा. याचं उत्तर काय येईल ते विचारणाऱ्याला खरोखरच माहीत नसतं.

मुलांना समजावण्यापेक्षा एक करा. ज्याला विचारलं त्यालाच विचारा, ‘तुला हा प्रश्न वाटला की सल्ला?’ त्याला बरोबर कळतं.

आणखी एक. लांबलचक प्रस्तावना असलेला प्रश्न संशयास्पद समजावा. ‘मागे तू म्हणालास की..., आणि मलाही असं वाटतं की..., तर मग...’ इथवर येईपर्यंत विचारणारा आपलं मत देऊन मोकळा झालेला असतो. चांगले प्रश्न बहुतेक एका ओळीचे असतात आणि जरा बावळट वाटतात.

बगशोधक:

आमच्या संगणकवाल्यांच्या जगात याचा एक भाऊबंद आहे. प्रोग्राम चालत नसला की टेबलावर एक रबरी बदक ठेवायचं आणि त्याला ओळीओळीने समजावून सांगायचं. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच दिसते. बदक सल्ला देत नाही हा त्याचा मोठा गुण.

पण एक शंका. टोयोटात ‘पाच वेळा का’ विचारायची पद्धत आहे. यंत्र का थांबलं? फ्यूज गेला. का गेला? भार वाढला. का वाढला? असं करत मुळापर्यंत जायचं. गटात हेच का करू नये? सरळ आणि वेगवान आहे.

कोरा कागद:

यंत्राला लाज वाटत नाही म्हणून चालतं ते. माणसाला ‘का केलंस?’ विचारलं की तो कारण शोधत नाही, समर्थन शोधतो. तिसऱ्या ‘का’ला आवाज चढतो, पाचव्याला तो घरी जातो. ‘का’ पूर्ण वर्ज्य नाही, पण मी गटात सांगतो की शक्यतो ‘काय’ आणि ‘कसं’ने सुरुवात करा. ‘तू गप्प का बसलास?’ आणि ‘गप्प बसलास तेव्हा मनात काय चाललं होतं?’ यात पहिल्याला बचाव येतो, दुसऱ्याला माहिती.

बदकाबद्दल सहमत. फक्त बदक ‘हे तू आत्ता दुसऱ्यांदा म्हणालास’ असं म्हणू शकत नाही.

नाडीपरीक्षक:

वैद्यकीत याच्या जवळची एक परंपरा आहे. मायकेल आणि एनिड बालिंट या दांपत्याने १९५०च्या दशकात लंडनच्या टॅविस्टॉक क्लिनिकमध्ये सर्वसाधारण डॉक्टरांचे गट सुरू केले. विषय रोगनिदानाचा नाही, डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्याचा. ‘हा रुग्ण आला की मला वैताग येतो’, ‘या बाईंना मी नाही म्हणू शकत नाही’, असं.

तिथली एक युक्ती मला फार आवडते. डॉक्टर आपली केस सांगतो, थोडे प्रश्न होतात आणि मग तो खुर्ची जरा मागे सरकवून गप्प बसतो. बाकीचे त्या रुग्णाबद्दल आणि त्या डॉक्टरबद्दल, तो खोलीत नसल्यासारखे आपापसात बोलतात. कुणी रुग्णाच्या बाजूने विचार करतो, कुणी डॉक्टरच्या. त्याला उत्तर द्यावं लागत नाही. धागाकर्त्यांच्या पद्धतीत प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याचा ताण असतो, तो इथे जातो. मी दोन्हीकडे बसलो आहे. नाजूक विषयाला मला खुर्ची मागे घेणंच बरं वाटतं.

चिवट:

हे सगळं सॉक्रेटिस करून गेला की हो! त्यात नवं काय?

सांजवात:

चिवटराव, सॉक्रेटिस नेमका उलटा आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात तो एका गुलाम मुलाला चौरस काढून दाखवतो आणि प्रश्न विचारत विचारत दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस शोधायला लावतो. पण उत्तर सॉक्रेटिसला पहिल्यापासून माहीत आहे आणि मुलाच्या वाट्याला बहुतेक ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच येतं. शिक्षक म्हणून थोर. पण या गटात असा एक सॉक्रेटिस आला तर बैठक बुडालीच म्हणून समजा. (कृपया हलके घ्या.) प्रश्नोपनिषदातही सहा जण पिप्पलादाला विचारतात, कारण उत्तर त्याच्याकडे आहे. इथे उत्तर विचारणाऱ्याकडेही नाही आणि सांगणाऱ्याकडेही अजून नाही, ही गंमत आहे.

दुसरी बाजू:

मला हे सगळं जरा जास्तच सोज्वळ वाटतंय. माणूस डोळ्यांदेखत खड्ड्याच्या दिशेने चाललाय आणि आम्ही काय विचारायचं, ‘खड्ड्याबद्दल तुला काय वाटतं?’ मला माहीत आहे तिथे खड्डा आहे. मी पडलोय त्यात. सांगायला काय जातं?

कोरा कागद:

काही जात नाही. सांगाच. म्हणून वर कोडं आणि अडचण वेगळी केली होती. एखादा करार कायद्याने रद्द होतो की नाही, अमुक औषधाबरोबर तमुक चालतं की नाही, हे माहीत असून प्रश्न विचारत बसणं हा चावटपणा आहे. कुणाला मारहाण होत असेल, कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा करत असेल, तर बैठक तिथेच थांबवायची आणि थेट मदत मिळवून द्यायची. यात दुमत नाही.

पण माझ्या पाहण्यात ‘तिथे खड्डा आहे’ असं ठामपणे सांगणाऱ्यांतले बरेच जण आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल बोलत असतात. समोरच्याचा रस्ता दुसरा असू शकतो. तो तोच आहे की नाही हे कळण्यापुरते तरी दोन प्रश्न आधी विचारायला हरकत नसावी.

उंबरठा:

बाहेरून वाचत होते. इथेच करून बघता येईल का? मी मांडते.

आईचं वय झालंय, ती माझ्याकडे असते. भाऊ जवळच राहतो. औषधं, डॉक्टर, रात्री उठणं, सगळं माझ्यावर. तो येतो, गप्पा मारतो, आई खूश होते, तो जातो. मी नोकरीही करते. मी दमलेय. प्रश्न एवढाच आहे: भावाला जबाबदारीची जाणीव कशी करून द्यावी?

कोरा कागद:

उंबरठाताई, धन्यवाद. बघू या. समोरासमोर बसण्याची सर इथे नाही, पण एक फायदा आहे: उत्तराला हवा तेवढा वेळ घेता येतो. एका वेळी एकच प्रश्न. त्यांचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याने विचारायचं नाही. कुठल्याही प्रश्नाला ‘पुढचा’ म्हणायचा त्यांना हक्क आहे, कारण न देता. ओळख पटेल असं काही लिहू नका. मी फक्त रहदारी सांभाळतो.

चिवट:

भावाला सगळ्या नातेवाइकांसमोर एकदा स्पष्ट विचारलंत का?

कोरा कागद:

चिवटराव, यात सल्ला दडलाय. पुन्हा एकदा.

चिवट:

बरं बुवा. त्याला ‘जाणीव झाली’ हे तुम्हाला कशावरून कळेल?

उंबरठा:

तो न सांगता काहीतरी करायला लागेल. म्हणजे... काय करेल ते लिहायला बसले तर लिहिता येत नाहीये. आठवड्यातून एक रात्र मला सलग झोप मिळेल. हो, हे.

खडूफळा:

तुमच्या झोपेबद्दल भावाला काय काय माहीत आहे?

उंबरठा:

मी सांगितलेलं नाही. त्याला दिसायला हवं, असं वाटत आलंय. तो येतो तेव्हा मी आवरून, ठीकठाक असते.

बगशोधक:

भावाने शेवटचं एखादं काम अंगावर घेतलं, तेव्हा पुढे काय झालं?

उंबरठा:

हे उत्तर द्यायला वेळ लागला, माफ करा. आठवड्याच्या औषधांची डबी त्याने भरली होती. मी लगेच उघडून तपासली. एक गोळी चुकीच्या खणात होती. मी सगळी रिकामी करून पुन्हा भरली, त्याच्यासमोर. काही बोलले नाही. त्यानंतर त्याने डबीला हात लावलेला नाही.

दुसरी बाजू:

चुकली होती ना गोळी? मग बरोबरच केलंत.

कोरा कागद:

हे विधान झालं. प्रश्न असेल तर विचारा.

नाडीपरीक्षक:

या सगळ्यात आईंना काय हवंय?

उंबरठा:

विचारलेलं नाही. रात्री ती मला हाक मारते. भाऊ कधी राहिला तरी मलाच. त्याला उठवू नको म्हणते, सकाळी कामावर जायचं असतं त्याला. मलाही जायचं असतं.

सांजवात:

हे शेवटचं वाक्य तुम्ही कुणाकुणाला म्हटलं आहे?

उंबरठा:

आत्ता इथे. जरा थांबते.

कोरा कागद:

सावकाश. तोवर ज्यांनी प्रश्न विचारले त्यांनी एका वाक्यात लिहा: तुमच्या मते अडचण कोणती? उपाय नको.

चिवट: भावाला काम नेमून दिलेलं नाही.
खडूफळा: थकवा घरात दिसत नाही, कारण त्या तो दिसू देत नाहीत.
बगशोधक: काम दुसऱ्याने केलेलं चालत नाही.
नाडीपरीक्षक: आईने मुलाला वेगळा आणि मुलीला वेगळा नियम लावला आहे.
सांजवात: नाडीपरीक्षकांचंच, पण ते कुणी बोलत नाही हे जास्त.

उंबरठा:

पाचही वाचले. बगशोधकांचं वाक्य आवडलं नाही, आणि ते खोटंही नाही. पण माझा प्रश्न आता नाडीपरीक्षकांच्या जवळचा आहे: रात्रीसाठी आईने मला गृहीत धरलंय आणि मी दमलेय हे मी तिला सांगू शकत नाहीये. भाऊ दुसऱ्या नंबरवर गेला.

काय करणार: आधी आईशी बोलणार. मग भावाला शनिवारची रात्र मागणार, ‘मदत कर’ असं मोघम नाही. औषधांची यादी लिहून भिंतीवर लावणार आणि डबी त्याच्याकडे देणार. उघडून बघणार नाही.

नाडीपरीक्षक:

हा प्रश्न नाही, माहिती आहे, सूत्रधारांनी चालवून घ्यावी. लिहिलेली यादी एकदा डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला दाखवून घ्या. आणि डबीवर दुसऱ्या कुणाची नजर फिरणं ही सावधगिरीच आहे. ती नजर कुणाची आणि कशी, एवढंच ठरवा.

कोरा कागद:

चालवून घेतली. याच जागी पद्धत बाजूला ठेवायची असते.

दुसरी बाजू:

आता मला बोलू द्या, कारण माझा खरा आक्षेप इथे सुरू होतो. धागा सुरू झाला तेव्हा एक भाऊ काम करत नव्हता. इतके प्रश्न झाल्यावर भाऊ गायब. आता उंबरठाताईंनी आईशी बोलायचं, यादी लिहायची, रात्र मागायची. म्हणजे दमलेल्या बाईला आणखी तीन कामं! तुमच्या पद्धतीत जो खोलीत बसलाय त्यालाच प्रश्न विचारता येतात, म्हणून अडचण घरंगळत त्याच्याच पदरात येते. एखाद्या ऑफिसात हेच करा. सगळ्यांना बारा तास राबवतात आणि हा गट एकेकाला विचारतोय, ‘तुझ्या वेळेचं नियोजन तू कसं करतोस?’ मालकाला याहून काय हवं?

खडूफळा:

+१. नियम मोडून सांगते, हे वाचताना मलाही टोचत होतं.

कोरा कागद:

मुद्दा पटला आणि तो छोटा नाही. कंपन्यांना ही पद्धत आवडते, त्यात हेही एक कारण असणार. रेव्हन्सचा स्वतःचा रोख मात्र तज्ज्ञ आणि वरच्यांच्या मक्तेदारीवर होता.

दोन गोष्टी मी पाळतो. एक: प्रश्नांच्या ओघात कुणीतरी ‘यातलं तुमच्या हातात नसलेलं काय आहे?’ हे विचारलंच पाहिजे. कुणी विचारलं नाही तर सूत्रधाराने विचारावं. इथे मी विचारलं नव्हतं. दोन: एकाच गटात पाठोपाठ तिघांनी तीच अडचण मांडली, तर ती तिघांची खासगी अडचण नाही. मग एकेकाला आत डोकवायला लावणं बंद करायचं आणि सगळ्यांनी मिळून वर जायचं. ऑफिसचं तुमचं उदाहरण त्यातलंच.

उंबरठाताई, तर मग उशिरा का होईना: तुमच्या हातात नसलेलं काय?

उंबरठा:

आईचं वय. ती मला आणि भावाला वेगवेगळं वाढवून चुकलीय, ते आता बदलणार नाही. भाऊ स्वतःहून विचारणारा माणूस नाही, तेही नाही.

दुसरी बाजू, तुमचं म्हणणं कळलं आणि माझ्या बाजूने कुणी इतकं चिडलं याचं बरंही वाटलं. पण भाऊ सुटलेला नाही. आजवर ‘तो काही करत नाही’ ही माझी तक्रार होती, आणि त्याला काय करायचं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याला नाही म्हणायचीही वेळ आली नाही. शनिवार मागितल्यावर त्याला हो किंवा नाही म्हणावं लागेल.

सांजवात:

आता एक विनंती. क्वेकर या ख्रिस्ती पंथात १७व्या शतकापासून अशी एक समिती असते. मुळात ती लग्न करू पाहणाऱ्या जोडप्यांसाठी होती, पुढे आयुष्यातल्या इतर निर्णयांसाठीही वापरली जाऊ लागली. तिथेही फक्त खरे, मोकळे प्रश्न. पण गुप्ततेचा नियम दुहेरी आहे. बाहेर कुणाला सांगायचं नाही हे झालंच. शिवाय बैठक संपल्यावर त्या माणसालाही त्याविषयी आपण होऊन काही विचारायचं नाही. भेटला आणि ‘मग, काय ठरलं?’ असं नाही. त्यानेच विषय काढला तर बोलायचं. तेव्हा उंबरठाताईंना खासगी निरोप पाठवून पिडू नका.

बगशोधक:

हे धागाकर्त्यांच्या उलट झालं. ते तर म्हणतात पुढची बैठक ‘काय झालं’पासूनच सुरू होते.

कोरा कागद:

उलटच आहे. रेव्हन्सच्या गटाला कृती हवी असते, कारण केल्याशिवाय शिकलो की नाही ते कळत नाही, आणि ‘चार जणांना सांगितलंय’ हा चाबूक उपयोगी पडतो. क्वेकरांना माणसाच्या आतला निर्णय पिकू द्यायचा असतो, तिथे चाबूक घातक. कामाच्या ठिकाणचे गट मी पहिल्या पद्धतीने चालवतो. घर, नाती, आजारपण असलं काही असेल तर आधीच मांडणाऱ्याला विचारून घेतो: पुढच्या वेळी विचारलेलं चालेल का? उंबरठाताईंना तेवढं विचारायचं राहिलं होतं, तेव्हा सांजवात यांचा नियम लागू.

उंबरठा:

कुणी विचारलेलं नाही, मीच लिहिते. आईशी बोलले. ती रडली, मग म्हणाली, ‘तू कधी बोललीच नाहीस.’ मला राग आला, कारण ते खरं आहे आणि पुरेसं नाही.

भाऊ शनिवारी आला, राहिला. आईने रात्री दोनदा माझ्याच नावाने हाक मारली. मी जागी होते, पण उठले नाही. तो उठला. सकाळी म्हणाला, दर शनिवारी नाही जमणार, एकाआड एक येतो. मला एकाआड एक पुरत नाही, आणि हे मी त्याला तिथेच सांगितलं. अजून काही ठरलेलं नाही. डबी त्याने भरली. यादी डॉक्टरांना दाखवली होती, आणि नजर आता शेजारच्या काकू टाकतात, मी नाही.

दुसरी बाजू:

एकाआड एकला अजिबात मान्यता देऊ नका. (हा सल्ला आहे, धागाकर्त्यांनी डोळे मिटावेत.)

कोरा कागद:

मिटले.

वाचनमात्र:

कधी प्रतिसाद देत नाही, आज देतो. आम्ही तिघंच मित्र आहोत, सूत्रधार वगैरे नाही. तिघांत जमेल का? आणि सुरुवात कशी करायची? आम्ही भेटलो की चेष्टामस्करीच होते.

कोरा कागद:

जमेल. तिघांत सूत्रधार वेगळा ठेवू नका. एकजण मांडेल, दुसरा विचारेल, तिसरा फक्त दोन गोष्टी बघेल: घड्याळ, आणि सल्ला निसटला का. मग पाळी बदला. प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. पहिल्या खेपेला खरोखर नडणारी पण छोटी अडचण घ्या. आयुष्याचा मोठा प्रश्न लगेच काढलात तर तुम्ही चेष्टेत पळाल.

प्रश्न सुचणार नाहीत अशी भीती असेल तर व्यवस्थापन शिकवणारे हॅल ग्रेगर्सन यांची एक झटपट रीत आहे. मांडणाऱ्याने दोन मिनिटांत अडचण सांगायची. पुढची चार मिनिटं सगळ्यांनी, मांडणाऱ्यानेसुद्धा, नुसते प्रश्न काढायचे आणि शब्दशः लिहून घ्यायचे. उत्तर कुणी द्यायचं नाही, प्रस्तावनाही करायची नाही. पंधरा-वीस प्रश्न निघावेत असा वेग धरायचा. मग मांडणाऱ्याने यादीतला जो प्रश्न टोचतो तो निवडायचा आणि बाकीचा वेळ त्याच्यावर घालवायचा. चार मिनिटांत मस्करीला जागा राहत नाही.

आणि गप्प बसायची सवय करा. उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न विचारायच्या आधी मनात दहापर्यंत मोजा. पुष्कळदा सहा-सातच्या आसपास तो माणूस आपणहून पुढचं बोलू लागतो आणि तुमच्या प्रश्नाची गरजच पडत नाही.